जुन्या घराचा रंग उतरवणे आणि गिलाव्याची दुरुस्ती : एका कामाचे परीक्षण

वाईतील आमच्या चुन्यात बांधलेल्या जुन्या घराच्या दर्शनी भिंतींचे काम स्थानिक कंत्राटदाराने फार जाणतेपणाने केले. रंगाला हात घालण्यापूर्वी त्यांच्या गवंड्याने भिंत ठोकून पाहिली आणि जिथे आवाज पोकळ आला तिथे खडूने खुणा केल्या. तेवढाच गिलावा विटांपर्यंत काढला, उरलेला शाबूत ठेवला. रंग पाणी मारत मारत खरवडला हे विशेष आवडले, कारण जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते (घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, मर्यादा भारतात 2017 पासून लागू झाली) आणि कोरड्या घासकामाची धूळ लहान मुलांना घातक ठरते.

दुरुस्तीसाठी सिमेंट टाळून भिजवलेला चुना, वाळू आणि विटांची भुकटी वापरण्याचा त्यांचा आग्रह मला सर्वांत मोलाचा वाटला. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा थर चढवला की ओल आत कोंडते, विटांना लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो आणि नवा गिलावाही फुगून सुटू लागतो. पातळ थर, प्रत्येक थरानंतर ओल्या गोणपाटाचे आच्छादन आणि शेवटी चुन्याची सफेदी, यांत कुठेही घाई नव्हती. सागवानी चौकटी मात्र नीट झाकल्या नाहीत आणि चुन्याच्या शिंतोड्यांनी त्यांवर डाग पडले, ही माझी खरी तक्रार आहे. असे काम करून घ्यायचे असल्यास दिवाळीनंतर लगेच सुरू करावे, म्हणजे पावसाळ्यापूर्वी चुना पुरेसा आवळतो.