दीर्घ आजारात आधार कशाचा: श्रद्धेचा की आशेचा?

घरात कर्करोगासारख्या आजाराचे निदान झाले की रुग्णालय कोणते, खर्च कसा भागवायचा, नातेवाइकांना काय सांगायचे हे प्रश्न उघडपणे चर्चिले जातात. मन कशाच्या आधाराने सांभाळायचे याचा निर्णय मात्र न बोलताच होऊन जातो. कोणी देवापुढे बसतो, कोणी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यासाठी धावतो आणि पुष्कळ जण दोन्ही करतात. ईश्वर आहे की नाही, हा वाद येथे बाजूला ठेवला आहे. धार्मिक श्रद्धेने रुग्णाच्या पदरात प्रत्यक्ष असे काही पडते का, जे निव्वळ आशेने पडत नाही, एवढ्यापुरताच हा विचार आहे.

बऱ्याच श्रद्धाळूंना जे सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते सर्वप्रथम तपासू. प्रार्थनेने आजार बरा होतो का? हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या 1802 रुग्णांवर अमेरिकेतील सहा रुग्णालयांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्यासाठी कोणी प्रार्थना करील की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्यापैकी प्रार्थना झालेल्या गटात 52 टक्के आणि न झालेल्या गटात 51 टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली. आपल्यासाठी नक्की प्रार्थना होणार आहे असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात हे प्रमाण 59 टक्के निघाले. या शेवटच्या आकड्यावरून प्रार्थना अपायकारक ठरवणे घाईचे होईल. तथापि दुसऱ्याने केलेल्या जपावर किंवा बोललेल्या नवसावर उपचारांचा हिशेब मांडता येत नाही, हे त्यातून पुरेसे दिसते. वारकरी संतांनी नवससायासांवर कोरडे ओढले, त्यासाठी त्यांना अशा कोणत्याही अभ्यासाची गरज पडली नव्हती.

आशेची बाजू येथे वरचढ वाटते, पण ती कोणत्या प्रकारची आशा आहे यावर बरेच अवलंबून आहे. कॅन्सस विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ सी. आर. स्नायडर यांनी आशेचे दोन घटक मानले: ध्येयाकडे जाण्याचे मार्ग सुचणे आणि त्या मार्गाने आपण चालू शकू असे वाटणे. या अर्थाची आशा असलेला रुग्ण केमोथेरपीची पुढची तारीख विचारतो, ताप आला तर कोणाला फोन करायचा हे लिहून ठेवतो, एक औषध लागू पडले नाही तर दुसऱ्याची चौकशी करतो. याउलट, 'सगळे छान होईल' असे चित्र नुसते रंगवत राहणे वेगळे. वजन कमी करणाऱ्या 25 स्त्रियांच्या, 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगेन यांना असे आढळले की यशाची खात्री बाळगणाऱ्यांचे वजन अधिक घटले, पण यशाची गोड दिवास्वप्ने पाहणाऱ्यांचे कमी. म्हणजे आशासुद्धा आळशी असू शकते, आणि श्रद्धेवर जो निष्क्रियतेचा आरोप नेहमी होतो तो तिलाही लागू पडतो.

मग श्रद्धेकडे काय उरते? माझ्या मते, माणसे. अमेरिकेतील 74,534 परिचारिकांची माहिती सुमारे 16 वर्षे तपासून 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की आठवड्यातून एकाहून अधिक वेळा प्रार्थनासभेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये त्या काळातील मृत्यूचे प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा 33 टक्क्यांनी कमी होते. मुळात धडधाकट बायकाच बाहेर पडू शकतात, हा आक्षेप संशोधकांनी शक्य तितका विचारात घेतला होता, तरी असा संबंध म्हणजे कारण नव्हे, हे लक्षात ठेवावेच लागते. मोजले गेले ते जाणे, मनातला विश्वास नव्हे, हेही तितकेच महत्त्वाचे. आपल्याकडे दिंडी, भजनी मंडळ, मशिदीतील शुक्रवारची नमाज किंवा विहारातील वंदना यांतून हेच घडते: एखादा माणूस दोन वेळा दिसला नाही की कोणीतरी चौकशीला घरी येते. आशेचे असे मंडळ नसते. ती ज्याची त्यालाच जागवावी लागते, आणि दीर्घ आजारात नेमकी तीच ताकद आधी संपते.

वाईट अहवाल हाती आल्यावर दोघींमधला फरक सर्वाधिक जाणवतो. आशा निकालाशी बांधलेली असल्यामुळे प्रत्येक स्कॅनबरोबर ती वर-खाली होते. निकाल काहीही आला तरी आपण एकटे नाही, अशी ज्याची श्रद्धा असते, त्याला ती अशा वेळीही धरून ठेवते. पण याच जागी ती उलटूही शकते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी 55 वर्षांवरील 596 रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा देवाने आपल्याला टाकले असे वाटणाऱ्यांमध्ये पुढील दोन वर्षांत मृत्यूचा धोका वाढलेला आढळला. आपल्या घरांत हे 'कोणत्या जन्मीचे भोग' या वाक्याने सुरू होते, आणि ते बोलणारा बहुधा रुग्ण नसून भेटायला आलेला पाहुणा असतो.

अखेरच्या आठवड्यांबद्दलची माहिती अनेकांना अनपेक्षित वाटेल. श्रद्धा असलेला माणूस मृत्यू शांतपणे स्वीकारील असे आपण धरून चालतो. बळावलेल्या कर्करोगाच्या 345 रुग्णांवरील, 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात मात्र धर्माचा अधिक आधार घेणाऱ्यांपैकी 13.6 टक्क्यांनी शेवटच्या आठवड्यात व्हेंटिलेटरसारखे आयुष्य लांबवणारे तीव्र उपचार घेतले. इतरांत हे प्रमाण 4.2 टक्के होते. चमत्कार घडण्यासाठी देवाला वेळ दिला पाहिजे, अशी भावना त्यामागे असू शकते. ती अमेरिकी रुग्णांची माहिती आहे, आपल्याकडे आकडे जसेच्या तसे लागू होतील असे नाही. पण वेदनाशमनाच्या उपचारांविषयीचे बोलणे श्रद्धेच्या नावाखाली लांबणीवर पडते, हे इथेही घडू शकते.

बाजार दोन्हींचा भरतो. कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना 1954 च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे आणि सर्पदंश झालेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पहिला कायदा विकाऊ आशेला आवर घालतो, दुसरा विकाऊ श्रद्धेला.

निवड करायचीच असेल तर औषध, तारीख आणि पैसा यांचे निर्णय आशेच्या, म्हणजे स्नायडर यांच्या अर्थाच्या कृतिशील आशेच्या हाती द्यावेत. ज्याची श्रद्धा आधीपासून आहे, त्याने ती सोडण्याचे व्यवहारातही कारण नाही, फक्त तिच्याकडे अहवाल सुधारण्याचे काम सोपवू नये. ज्याची नाही, त्याने आजारपणात ती उसनी आणून उपयोग होईल असे मला वाटत नाही. श्रद्धाळूला मंडळीतून जे मिळते, त्याचा बराचसा भाग त्याला रुग्णांच्या आधारगटात किंवा जुन्या मित्रांच्या ठरलेल्या भेटीत मिळू शकेल. आणि हा निर्णय रुग्णाचा आहे. मुलगा नास्तिक असला तरी आईची पोथी उशापाशी राहू द्यावी, आणि आई कितीही भाविक असली तरी मुलाच्या मनगटात त्याला न विचारता गंडा बांधू नये.