पणजीतील चार रविवार: जीव आणि अनादी विश्व यांवरील अभ्यासवर्ग

आरंभीच्या ख्रिस्ती तत्त्वचिंतकांनी जीवाविषयी आणि विश्वाच्या अनादित्वाविषयी काय विचार केला, हे मराठीतून शिकवणारा वर्ग पणजीत मिळेल असे मला वाटले नव्हते. शहराच्या मळा भागातील एका जुन्या घराच्या दिवाणखान्यात चार रविवार, दर खेपेस दोन तास, शुल्क 600 रुपये आणि सोबत टाचणांची वही, असे त्याचे स्वरूप होते. वर्ग मला फार मोलाचा वाटला, आणि त्याचे मुख्य कारण शिकवणाऱ्या सरांची शब्दांविषयीची दक्षता हे आहे.

पहिल्याच दिवशी शिरोड्याहून येणाऱ्या एका काकांनी विचारले, "म्हणजे आपला आत्मा तोच हा ना, सर?" सरांनी घाईने होकार दिला नाही. मराठी बायबलात ‘पवित्र आत्मा’ असे म्हणतात, पण ग्रीक ‘सायकी’साठी ‘पूर्ण जिवाने प्रीती कर’ या वचनातला ‘जीव’ येतो, हे त्यांनी दाखवले. गीतेतील आत्मा अज, म्हणजे कधीच न जन्मलेला, आहे, तर हा जीव निर्माण झालेला आहे. दुसऱ्या शतकातील जस्टिनच्या मते तो स्वभावतः अमरही नाही, देवाची इच्छा असेतोवर जगतो. तेर्तुलियनला तर जीव हा सूक्ष्म देहच वाटे, जो आईबापांकडून बीजासारखा संततीत उतरतो.

ओरिगेनवरचा दुसरा रविवार सर्वांत समृद्ध होता. अलेक्झांड्रियाच्या या विचारवंताच्या मते देवाने घडवलेल्या बुद्धी त्याच्या प्रेमातून थंडावल्या, म्हणून जीव झाल्या. ‘सायकी’ हा शब्द तो थंडीवाचक ग्रीक शब्दाशी जोडतो. देहापूर्वी जीव आणि एकामागून एक येणारी विश्वे हे त्याचे विचार आपल्याला ओळखीचे वाटतात, पण पुढे 543 मध्ये सम्राट जस्टिनियनने त्यांचा निषेध केला. सुखाला पोचलेल्या जिवाला पुन्हा दुःखात यावे लागणार असेल तर ते सुख कसले, हा ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीनचा प्रश्न सरांनी इथेच मांडला, आणि पुनर्जन्माच्या कल्पनेत वाढलेल्या आम्हा बहुतेकांना त्यावर बराच वेळ बोलावेसे वाटले.

चौथ्या शतकातील बिशप, निसाच्या ग्रेगरीने मरणशय्येवरील बहीण माक्रिना हिच्याशी केलेला जीवविषयक संवाद मात्र वीस मिनिटांत उरकला, याची खंत वाटते. टाचणांच्या वहीतील ती पानेही इतकी फिकी छापली होती की वाचता आली नाहीत.

शेवटच्या रविवारी सहाव्या शतकातील ख्रिस्ती तत्त्वज्ञ फिलोपोनस आला. 529 मध्ये त्याने विश्व अनादी आहे असे सांगणाऱ्या ग्रीक तत्त्वज्ञ प्रोक्लसच्या अठरा युक्तिवादांना उत्तर दिले. विश्वाला आरंभ नसेल तर शनीच्या फेऱ्या अनंत झाल्या असतील, आणि शनीला एका फेरीस सुमारे 30 वर्षे लागतात तर गुरूला 12, म्हणजे गुरूच्या फेऱ्या त्या अनंताच्या अडीचपट भरतील, पण अनंताहून मोठे काही कसे असेल, हा त्याचा आक्षेप सरांनी फळ्यावर आकडे मांडून इतका स्वच्छ समजावला की गणिताला भिणारेही वादात उतरले.

एक उणीव राहिली. इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण 1616 मध्ये इथल्याच राशोलला छापले गेले आणि त्याच्या पहिल्या भागात सृष्टीची उत्पत्ती मराठी ओव्यांत सांगितली आहे, तरीही वर्गात त्याचा उल्लेख झाला नाही. पुढच्या तुकडीत त्यासाठी एक रविवार वाढवला, तर मी पुन्हा शुल्क भरून येईन.