पेटीवाल्याचा पियानोच्या व्याकरणवर्गातील अनुभव

भजनी मंडळात पंधरा वर्षे पेटी वाजवल्यावर मी घरी डिजिटल पियानो आणला. व्हिडिओ पाहून चार-सहा रचना बोटांत बसवल्या, पण स्वरलेखनाचे पान समोर आले की मी निरक्षर ठरत असे. म्हणून गेल्या वर्षी पुण्याच्या कॅम्प भागातील एका खासगी वर्गात ‘थिअरी आणि इतिहास’ या शनिवारच्या अभ्यासक्रमाला नाव घातले. चोवीस शनिवार, दर वेळी दोन तास, नऊ विद्यार्थी आणि चौदा हजार रुपये शुल्क. वर्ग एकट्या बाई चालवतात आणि पुढे काही तक्रारी मांडायच्या असल्यामुळे त्यांचे वा वर्गाचे नाव येथे देत नाही.

पहिल्या दिवशी बाईंनी फळ्याला हात लावला नाही. त्यांनी अपराइट, म्हणजे उभ्या पियानोची पुढची फळी काढून बाजूला ठेवली आणि एकेकाला जवळ बोलावून कळ अगदी सावकाश दाबायला लावली. वरच्या स्वरांना तीन-तीन तारा आहेत, खर्जात शेवटी एकच जाड, तांबे गुंडाळलेली तार उरते, आणि नमद्याची हातोडी तारेपर्यंत पोहोचण्याच्या किंचित आधीच यंत्रणा तिला मोकळी सोडते, हे डोळ्यांनी दिसले. ती तशी सुटली नाही तर जी तार वाजवायची तिलाच ती दाबून धरील. फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारातील वाद्यकारागीर बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने जो प्रश्न सोडवला तो हाच होता, आणि त्याच्या या वाद्याची नोंद १७०० सालच्या दरबारी वाद्यसूचीत सापडते. पियानोच्या आधीच्या हार्पसिकॉर्ड या पट्ट्यांच्या वाद्यामध्ये तार छेडली जाते, त्यामुळे कळ हळू दाबा किंवा जोरात दाबा, आवाज जवळपास तेवढाच येतो. ‘पियानोफोर्टे’ या नावातील हळू आणि जोरात हे दोन शब्द कुठून आले, ते त्यानंतर कोणाला पाठ करावे लागले नाही.

थिअरीचा भाग पेटीवाल्यांना अवघड जाऊ नये, पण बहुतेक पुस्तके तो अवघड करून सोडतात. ‘सर्कल ऑफ फिफ्थ्स’ म्हणजे आपला षड्ज-पंचम भाव पुढे पुढे नेत जाणे, एवढे कोणी सांगितले असते तर माझी दोन वर्षे वाचली असती. पांढरी एकला (सप्तकातील पहिल्या पांढऱ्या पट्टीला) सा धरून बिलावलाचे सात शुद्ध स्वर वाजवले तर एकही काळी पट्टी लागत नाही. तिचा पंचम असलेल्या पांढरी पाचला सा केले की शुद्ध निषादासाठी काळी तीन घ्यावी लागते, हा पहिला शार्प, म्हणजे अर्ध्या पायरीने चढवलेला स्वर. पुन्हा पंचमावर, म्हणजे पांढरी दोनवर गेले की गांधाराला काळी तीन आणि निषादाला काळी एक, असे दोन शार्प होतात. बाईंना हिंदुस्तानी संगीत विशेष येत नाही आणि हे भाषांतर मी वहीत माझे मीच करत होतो, पण त्यांनी ते एकदा पाहिले आणि पुढच्या शनिवारी मलाच फळ्यापाशी उभे केले. हा मोठेपणा सगळ्या शिक्षकांत नसतो.

अभ्यासक्रमातील सर्वांत चांगला तास स्वरांतरांच्या मोजमापाचा होता. मोबाईलवर तानपुरा लावून त्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार आम्ही आधी ऐकला आणि मग पियानोवरचा गांधार. पियानोचा गांधार सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढा लागतो, म्हणजे एका अर्धस्वराच्या सातव्या भागाएवढा. पंचमातील फरक मात्र दोनच सेंटचा असल्यामुळे तो कोणाला जाणवला नाही. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडले की कोणत्याही पट्टीत वाजवण्याची सोय होते आणि तिची किंमत मुख्यतः गांधाराला मोजावी लागते. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर जी बंदी घातली आणि जी तीन दशके टिकली, तिच्यामागील आक्षेपांत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, न निघण्याइतकाच हा स्थिर स्वरांचाही आक्षेप होता. इतकी वर्षे पेटी वाजवूनही तो आक्षेप माझ्या कानाला पहिल्यांदा त्या दिवशी कळला.

पण त्याच तासाच्या छापील टिपणात एक चूक आहे. जर्मन संगीतकार बाखने १७२२ मध्ये पूर्ण केलेला चोवीस प्रील्यूड आणि फ्यूग (पट्ट्यांच्या वाद्यासाठीच्या छोट्या रचनांच्या जोड्या) यांचा संग्रह समान बारा भागांच्या पद्धतीसाठी लिहिला, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. संग्रहाच्या नावात ‘सुरेख जुळवलेले’ एवढेच आहे, ‘समान जुळवलेले’ नाही. त्या काळी सर्व पट्ट्या वाजवता येतील पण प्रत्येकीचा रंग थोडा वेगळा राहील, अशा जुळवणीच्या पद्धतीही वापरात होत्या. हे लक्षात आणून दिल्यावर बाईंनी मान्य केले, पण टिपण अद्याप तसेच वाटले जाते.

इतिहास आणि व्याकरण एकाच रचनेत भेटतात तेव्हा हा वर्ग खुलतो. बेथोव्हेनच्या १८०१ मधील ज्या सोनाटाला त्याच्या मृत्यूनंतर ‘मूनलाइट’ हे नाव चिकटले, तिच्या पहिल्या भागावर तारांचा नाद थांबवणाऱ्या दाब्या पूर्णपणे उचललेल्या ठेवून वाजवण्याची सूचना आहे. आजच्या पियानोवर ती शब्दशः पाळली तर चार ओळींत सगळा गलबला होतो, आणि आम्ही तो करून पाहिला. त्या काळच्या हलक्या वाद्यांतील नाद लवकर विरत असे, म्हणून ती सूचना तिथे शोभत होती. शोपँच्या ई मायनर प्रील्यूडचा तासही असाच रंगला. ई हा षड्ज मानला तर उजवा हात बराच वेळ पंचम आणि कोमल धैवत यांच्यातच घुटमळतो, आणि डाव्या हातातील कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांपैकी, एकेक स्वर अर्ध्या-अर्ध्या पायरीने खाली सरकत जातो. पंचवीस मापांत संपणारी ही रचना मी त्या आठवड्यात किती वेळा वाजवली याचा हिशेब घरच्यांकडे आहे.

अठराव्या शनिवारनंतर मात्र घसरण सुरू झाली. फ्रेंच संगीतकार देब्युसीपासून पुढचे सारे दोन तासांत उरकले गेले आणि इतिहास जन्म-मृत्यूच्या सनावळीवर आला. क्लारा शूमान ही केवळ संगीतकार रॉबर्ट शूमानची पत्नी म्हणून एका वाक्यात आली. नऊ वर्षांची असताना, १८२८ मध्ये, लाइपझिगला रंगमंचावर पाऊल ठेवून साठ वर्षांहून अधिक काळ मैफली करणाऱ्या वादिकेला याहून जास्त जागा द्यायला हवी होती. पावसाळ्यात पियानो इतका बेसूर झाला होता की सेंटचे बारकावे सांगणाऱ्या वर्गात ते अशोभनीय वाटले, आणि ट्यूनर आला तो थेट ऑक्टोबरात. एबीआरएसएम या संगीत परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश संस्थेच्या पाचव्या ग्रेडची थिअरी परीक्षा आता संगणकावर होते, तरी सराव पूर्णपणे कागदावरच घेतला गेला. सहाव्या ग्रेडच्या वादनासाठी ती पात्रता लागणाऱ्या आमच्यातील दोन मुलींना याचा त्रास झाला.

ज्यांना केवळ परीक्षा द्यायची आहे त्यांना याहून स्वस्त पर्याय मिळतील. पेटी, तबला किंवा गाणे थोडेफार येत असेल आणि पियानो समजून वाजवायचा असेल, तर पहिल्या अठरा शनिवारांसाठी चौदा हजार रुपये महाग नाहीत. नाव घालण्यापूर्वी वर्गातील पियानोवर खालचा आणि वरचा सा एकत्र दाबून पाहावा आणि शेवटचा ट्यूनर कधी आला होता हे विचारावे. मी विचारले नव्हते.