घर बार्शीला, बारावी लातूरला आणि साडेआठ हजारांची ऑप्शन यादी

पाचपैकी दोन तारे.

इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीचा) ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीक्रमाने यादी, भरायला मदत करणारं पुण्यातलं एक खासगी केंद्र. फी ८,५०० रुपये, सगळी आगाऊ. माझं बार्शीत मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे आणि आमच्या घरातून इंजिनिअरिंगला जाणारी मुलगी ही पहिलीच. २०२५ च्या एमएचटी-सीईटीला तिला ९४.६ पर्सेंटाइल पडले. पोरीच्या चार वर्षांचा प्रश्न, आपल्या अज्ञानामुळे चूक नको, म्हणून पैसे भरले.

दोन तारे मेसेजचे. गुणवत्ता यादीवर हरकत कधीपर्यंत घ्यायची, सीट अ‍ॅक्सेप्टन्सचे हजार रुपये कधी भरायचे, हे सगळं वेळच्या वेळी कळत होतं. फोनही उचलायचे.

पण पैसे भरले होते यादीसाठी. चाळीस ऑप्शनची पीडीएफ आली, प्रत्येकासमोर आदल्या वर्षीचा कटऑफ. आम्ही बार्शीचे, म्हणून त्यांनी होम युनिव्हर्सिटी सोलापूर धरली होती. मुलगी अकरावी-बारावीला लातूरला होती. बारावी जिथून पास झाली तिथलं विद्यापीठ धरतात, म्हणजे तिचं नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. जिथे विद्यापीठाप्रमाणे जागा वाटलेल्या असतात तिथे ७० टक्के हद्दीतल्यांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना. सोलापूरकडच्या कॉलेजांसमोर यादीत ‘जी-ओपन-एच’चा, म्हणजे हद्दीतल्यांचा, आकडा होता; माझ्या मुलीसाठी बघायला हवा होता शेवटी ‘ओ’ असलेला, बाहेरच्यांचा. दोन्हींत फरक पडतो. ही चूक पकडली सुविधा केंद्रावर कागदपत्रं तपासणाऱ्या मॅडमनी. पावतीवरच्या होम युनिव्हर्सिटीच्या ओळीवर पेन टेकवून त्यांनी विचारलं, “बारावी लातूरची ना? मग यादी सोलापूर धरून कोणी केली?” तिथल्या मदतीसाठी एक रुपयाही द्यावा लागला नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. यादीत पहिल्या नंबरला एक खासगी कॉलेज होतं, कारण काय तर “पहिल्याच फेरीत नक्की मिळेल, टेन्शन नाही.” २०२५ पासून चार फेऱ्या झाल्या आणि नियमही बदलला. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत हेच पहिल्या तिनांना लागू, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना. म्हणजे ती यादी तशीच भरली असती तर पोरगी पहिल्याच दिवशी त्या कॉलेजात अडकली असती, कऱ्हाड-सांगलीच्या कॉलेजांचा विचारसुद्धा झाला नसता. वरच्या जागी मनातलंच कॉलेज टाकायचं, मिळो न मिळो. ते नाही मिळालं तरी खालचे पर्याय जागेवरच राहतात.

शेवटी तिनेच यादी केली. दुकानातलं जुनं जॉब रजिस्टर घेतलं, मागच्या कोऱ्या पानांवर पट्टीने रकाने आखले: कॉलेज, शाखा, तीन वर्षांचे कटऑफ, हॉस्टेल, फी. कटऑफच्या पीडीएफ सीईटी सेलच्या (ही परीक्षा घेणाऱ्या सरकारी कक्षाच्या) संकेतस्थळावर फुकट मिळतात. कंसातला आकडा पर्सेंटाइलचा, त्याच्या वरचा मेरिट नंबर. खासगी कॉलेजांची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाकडे बघायला मिळते. तीन रात्री आम्ही दोघं बसलो. ती आकडे वाचायची, मी लिहायचो, हिची आई मधूनच विचारायची, “तिथून घरी यायला किती तास?” तोही रकाना वाढवला. पहिला नंबर पुण्याच्या सीओईपी कॉलेजचं सिव्हिल, दुसरा सांगलीचं वालचंद, तिसरा कऱ्हाडचं शासकीय. तिला बांधकामातच जायचं होतं. कॉम्प्युटर घे म्हणून केंद्राने तीनदा सांगितलं तरी ती हलली नाही.

दुसऱ्या फेरीत कऱ्हाड सिव्हिल लागलं. तिसरा पर्याय, म्हणजे घ्यायचाच. आणि घ्यायचाच होता.

आणखी एक. आमचं ईडब्ल्यूएसचं (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं) प्रमाणपत्र आहे का, हे केंद्राने एकदाही विचारलं नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधूनच हवा. आणि पहिल्या फेरीनंतर याच केंद्राचा फोन, “मॅनेजमेंट कोट्यातून बघायचं का?” हो म्हटलं असतं तर माफी गेली असती, वर कोट्याची फी. हे त्यांनी सांगायला हवं होतं. मला ते तहसील कचेरीत दाखल्याच्या रांगेत उभ्या असलेल्या एका बाईंकडून कळलं.

निम्मे पैसे परत मागितले. “यादी दिली, सेवा पूर्ण झाली,” असं उत्तर आलं. ती यादी आणि आमच्या रजिस्टरची पानं, दोन्ही दुकानात ठेवली आहेत. बार्शीतल्या ज्या कुणाची मुलं यंदा बारावीला आहेत त्यांनी येऊन बघावीत, झेरॉक्स मी काढून देईन.