पसरणाऱ्या कोरलचे फ्रॅग: बोन कटर, करवत की टाइल?

खाऱ्या पाण्याच्या टाकीत मॉन्टिपोरा किंवा सायफॅस्ट्रियासारखं थर धरून पसरणारं कोरल (प्रवाळ) खडकावर तळहाताएवढं झालं की त्याचे फ्रॅग, म्हणजे नवी वसाहत वाढवायचे छोटे तुकडे, करायचा विचार मनात येतोच. फांद्यांचं कोरल कटकन मोडतं; हे मात्र तळाला लागलेल्या दुधासारखं दगडाला धरून बसतं. वर काही मिलिमीटरचा थर, खाली सगळा दगड. म्हणून हत्यार निवडताना आधी दगड बघा: तो टाकीबाहेर काढता येतो का, आणि किती जाड आहे?

भारतात राहणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. सगळी कठीण प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. मालवणच्या समुद्रातून तुकडा उचलून आणणं हा गुन्हा आहे. पुढचं सगळं, जिथे टाकीत वाढवलेलं कोरल कायद्याने विकत मिळतं तिथे राहणाऱ्यांसाठी.

बोन कटर (हाडं कापायची पकड) स्वस्त आणि हाताशी असणारा. कोरल प्लगवर (फ्रॅग चिकटवायच्या छोट्या सिरॅमिक चकतीवर) असेल, किंवा दगडाच्या कडेवरून ओठासारखं बाहेर आलं असेल, तर तो पुरतो. एका दाबात कापा. कुरतडत बसलात तर पात्याखालची दोन-तीन मिलिमीटरची पट्टी चेंगरून मरते. जाड लाइव्ह रॉकवर (टाकीतल्या जीवाणूंनी भरलेल्या दगडावर) मात्र त्याचा उपयोग नाही. दगड सच्छिद्र असतो, तडा त्याला हवा तिकडे जातो आणि हातात चुरा येतो.

डायमंड पात्याची बँड करवत हे काम नीट करते. २ × २ सेंटीमीटरचे चौकोन सरळ निघतात, कापलेली कड स्वच्छ राहते आणि साधारण दोन आठवड्यांत भरते. सायफॅस्ट्रियासारख्या दाट सांगाड्याला हीच बरी. पात्यावर टाकीचंच पाणी खेळवा. ते दुधाळ झालं की बदला, कारण तो गाळ पॉलिपमध्ये (कोरलच्या एकेका इवल्या जीवात) बसतो. काम झाल्यावर करवत गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर आठवडाभरात गंज धरेल. त्याच दगडावर झोअँथिड (बटणांसारखे दिसणारे मऊ पॉलिप) असतील तर कापूच नका: त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं आणि करवत त्याचे तुषार तोंडावर उडवते. एरवीही गॉगल आणि हातमोजे हवेतच.

दगड रचनेच्या बुडाशी असेल, काढता येणारच नसेल, तर उरते टाइल. आमच्या मते घरच्या टाकीत बहुतेकांनी हिच्यापासूनच सुरुवात करावी. यात कोरल कापावं लागत नाही, त्यालाच टाइलवर चालत येऊ द्यायचं. खरखरीत सिरॅमिक टाइल किंवा प्लग आधी तीन-चार आठवडे टाकीत मुरू द्या. मग कोरलच्या वाढत्या कडेला भिडवून बसवा. ही कड ओळखणं सोपं आहे: नखाच्या चंद्रासारखी फिकट, जवळजवळ पांढरी किनार. टाइल तिच्या पातळीत हवी. फट दोन मिलिमीटरची राहिली तरी कोरल फटीत खाली वळतं आणि टाइलच्या पोटाशी वाढतं. फट इपॉक्सी पुटीने भरून बोटाने सपाट करा. सुपरग्लू जेल फक्त टाइलच्या खाली लावा. किनारीला लागलं तर तेवढी किनार जाते. गोगलगायींच्या धक्क्याने टाइल हलली की नवी वाढ तुटते, त्यामुळे ती घट्ट बसवा. टाइलवर केसाळ शेवाळ आलं तर ब्रशने काढा, कोरल त्यावर चढत नाही.

मॉन्टिपोराला अडीच सेंटीमीटरचा प्लग झाकायला दोन ते चार महिने धरा, सायफॅस्ट्रियाला त्याहून जास्त. दोन-तृतीयांश भरला की सांध्यावरून आधी ब्लेड फिरवा, मगच टाइल उचला. तसंच उपटलं तर नवा थर टाइलवरून सालीसारखा सोलून निघतो.

घाई असेल त्यांनी करवत आणि टाइल एकत्र वापरावीत. एकाच वसाहतीचे सेंटीमीटरभराचे चार-पाच तुकडे एका टाइलवर एक-दीड सेंटीमीटर अंतराने चिकटवा. ते एकमेकांना ओळखतात आणि जुळून एक होतात. फ्लोरिडाच्या मोट मरीन लॅबोरेटरीत डेव्हिड व्हॉन यांनी प्रवाळ पुनर्रोपणासाठी याच मार्गाने काम केलं. दोन वेगळ्या वसाहतींचे तुकडे शेजारी ठेवलेत तर मात्र मध्ये सीमारेषा पडते.

कुठलीही पद्धत घ्या, पाणी स्थिर नसेल तर किनार थांबते. क्षारता ८ ते ९ डीकेएच (क्षारता मोजायचं एकक), कॅल्शियम ४२० पीपीएमच्या (दहा लाखांत भाग) आसपास, मॅग्नेशियम १३०० च्या जवळ. नवे फ्रॅग पहिला आठवडा मूळ जागेपेक्षा कमी उजेडात ठेवा.

मॉन्टिपोरा असेल तर प्रत्येक तुकडा उलटा करून भिंगाखाली बघा. तांदळाच्या कणीएवढे पांढरे, केसाळ पाठीचे न्यूडिब्रँक (कोरल खाणाऱ्या बिनकवचाच्या समुद्री गोगलगायी) आणि त्यांची अंडी तिथेच असतात. डिपने, म्हणजे तुकडा औषधी द्रावणात बुडवल्याने, हे किडे मरतात, अंडी मरत नाहीत. अंडी दिसतील तेवढी खरवडून काढा आणि दर पाच-सात दिवसांनी, किमान तीन वेळा, डिप परत द्या.