मोटरहोमच्या कप्प्याचं दार: जाड स्क्रू की रिव्हेट नट?

निघण्याआधी मोटरहोमच्या (राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या) बाहेरच्या कप्प्यांची दारं एकेक करून हाताने ओढून पाहा. लॅच (दार बंद ठेवणारा खटका) ठीक दिसतो, पण त्याचा स्क्रू नुसताच गोल फिरतो, असं बरेचदा सापडतं. म्हणजे पत्र्यातलं भोक मोठं झालंय.

जाड स्क्रू घालणं पाच मिनिटांचं काम. पण पातळ पत्र्यात जेमतेम एक-दोन आटे पकडतात. रस्त्याच्या हादऱ्यांनी भोक पुन्हा मोठं होतं. रिव्हेट नट म्हणजे भोकात बसवायची, आतून आटे असलेली छोटी नळी. तिला नेमक्या मापाचं भोक आणि वेगळं हत्यार लागतं. हा नट पत्र्याला मागून आवळून बसतो, त्याला पक्के आटे असतात आणि बोल्ट हवा तेव्हा काढता येतो. लॅच आणि बिजागरीला मी तोच बसवेन. धावत्या गाडीचं दार उघडलं तर मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. जाड स्क्रू फक्त आतल्या पट्ट्यांना चालेल.

आणि हो, स्टेनलेस स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमला थेट टेकला की ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजतं. मध्ये सीलंट लावाच.