घरी येणारी उपशामक सेवा : राजापूर तालुक्यातील आमचा अनुभव

आबांचा कर्करोग यकृतात पसरला असून आता केमोथेरपीचा उपयोग नाही, असे मुंबईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्यावर आम्ही त्यांना गावी आणले आणि घरी येऊन उपशामक सेवा, म्हणजे आजार बरा करण्यापेक्षा रुग्णाचा त्रास कमी करण्यावर भर देणारी शुश्रूषा, देणाऱ्या एका संस्थेकडे नाव नोंदवले. पुढचे सात आठवडे आठवड्यातून दोनदा परिचारिका येत असत.

पहिल्या सिस्टर पाखाडी चढून आल्या, पडवीत क्षणभर टेकल्या आणि रक्तदाब घेण्याआधी त्यांनी विचारले, "आबा, सगळ्यांत जास्त त्रास कशाचा होतो?" ते पोटदुखीबद्दल बोलतील असे आम्हांला वाटले होते. ते म्हणाले, "रात्रीची भीती वाटते." त्यावर कोणतेही पोकळ आश्वासन न देता सिस्टर बराच वेळ खाटेजवळ बसून त्यांचे ऐकत राहिल्या. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस हे मरणासन्न रुग्णांचे शुश्रूषागृह सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स मुळात परिचारिका होत्या, आणि वेदना केवळ शरीराची नसून मनाची, नात्यांची व श्रद्धेचीही असते असे त्या सांगत. ते म्हणणे मला त्या दुपारी समजले.

डॉक्टरांनी लिहून दिलेली मॉर्फिनची गोळी दुखू लागण्याची वाट न पाहता दर चार तासांनी घड्याळ बघून द्यायची आणि तिच्यामुळे हमखास होणाऱ्या बद्धकोष्ठतेसाठी रेचक पहिल्या दिवसापासून सुरू ठेवायचे, हे सिस्टरांनी वेळापत्रक लिहून समजावले. आई पेजेची वाटी घेऊन तासन्‌तास बसे. या अवस्थेत शरीरच अन्न मागत नाही, तुमचे काही चुकत नाही, हे त्यांनी तिला इतक्या आपुलकीने सांगितले की तिने वाटी खाली ठेवली आणि ओल्या कापसाने आबांचे ओठ पुसायला घेतले.

पाचव्या आठवड्यात मात्र बदली परिचारिका आल्या. गोळीची सवय लागेल, श्वास बंद पडेल, असे म्हणून त्यांनी मात्रा निम्मी करायला सांगितली आणि ती रात्र आबांनी कण्हत काढली. सकाळी संस्थेच्या डॉक्टरांनी फोनवरून मात्रा पूर्ववत केली. योग्य मात्रेत, हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिनबद्दलची ही भीती बहुतांशी अनाठायी असते. त्या बाई निष्ठुर नव्हत्या. अंग पुसताना त्यांचा हात आईसारखा हलका होता. परंतु जिव्हाळा आणि ज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणूनच परिचारिकांवरील अभ्यासांत उपशामक सेवेचे ज्ञान तपासण्यासाठी २० प्रश्नांची चाचणी आणि मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेबद्दलची वृत्ती तपासण्यासाठी फ्रॉमेल्ट या संशोधक परिचारिकेची ३० विधानांची मापनश्रेणी, अशी स्वतंत्र साधने वापरतात. वेदनाशमनाचे प्रशिक्षण न घेतलेल्या व्यक्तीला संस्थेने अशा घरी एकटे पाठवू नये, ही माझी ठाम तक्रार आहे. नाव नोंदवतानाच बदलीवर कोण येणार आणि रात्री फोन कोण उचलणार, हे विचारून घ्यावे.

आमचा फोन शेवटच्या रात्री पहिल्या सिस्टरांनीच उचलला. आबांच्या घशात घरघर सुरू झाली होती. त्यांना कुशीवर वळवा, नळीने घशातला स्राव ओढून काढण्याची गरज नाही, त्या आवाजाचा त्यांना बहुधा त्रास होत नाही, असे त्या सांगत राहिल्या आणि पहाटेपर्यंत तीनदा त्यांनी स्वतःहून फोन केला. दिवसकार्य झाल्यावर त्या पुन्हा आल्या, उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या आमच्यासमोर मोजून वहीत नोंदवल्या, आणि मग आईजवळ जाऊन बसल्या.